मुलाच्या आवळलेल्या नाकपुडीची शस्त्रक्रिया: तपासणीपासून स्टेंट थांबवेपर्यंतचे टप्पे

आवळलेली नाकपुडी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया बहुधा तास-दोन तासांत आटोपते. तिचा निकाल मात्र त्यानंतरच्या ३ ते ६ महिन्यांत घरी ठरतो. पालकांच्या हातून होणाऱ्या चुका बहुतेक याच काळातल्या असतात. टाके निघाले, जखम भरली, म्हणून नाकपुडीत बसवलेला स्टेंट, म्हणजे ती उघडी धरणारी पोकळ नळी, बाजूला ठेवला जातो आणि काही आठवड्यांत नाकपुडी पुन्हा पूर्वीइतकीच अरुंद होते. नाकपुडीच्या कडेने गोल फिरलेला वण बटव्याच्या दोरीसारखा सर्व बाजूंनी आवळत जातो, आणि ही ओढ थांबून वण मऊ पडायला ६ महिने ते वर्षभर लागू शकते. जखम पंधरवड्यात भरते, वण स्थिर व्हायला महिने लागतात. या दोन मुदतींची गल्लत झाली की चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते.

हा लेख नाकाच्या दाराशी, म्हणजे त्वचेच्या भागात, वणामुळे आलेल्या अरुंदपणाविषयी आहे. फाटलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झालेली मुले, चेहरा भाजलेली मुले, कुत्र्याच्या चाव्याने किंवा अपघाताने नाकाची कड फाटलेली मुले, आणि अपुऱ्या दिवसांची जन्मल्यामुळे नाकातल्या नळीवाटे श्वासाचा आधार द्यावा लागलेली व त्या नळीच्या दाबाने त्वचा झिजलेली मुले यांच्यात हा प्रकार दिसतो.

इशारा: नवजात बाळाचा प्रश्न वेगळा आणि तातडीचा असतो. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध पिताना निळे पडणारे आणि रडल्यावर पुन्हा गुलाबी होणारे बाळ दिसले तर ते त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अशा बाळात नाकाच्या हाडाचे पुढचे दार किंवा घशाकडचे मागचे दार जन्मतः अरुंद अथवा बंद असू शकते, आणि त्याचे उपचार येथे दिलेल्या क्रमाने होत नाहीत.

## टप्पा १: अडथळा नेमका कुठे आहे ते ठरवणे

नाकपुडी बाहेरून लहान दिसते म्हणून श्वासाचा अडथळाही तिथेच असेल असे धरून चालणे ही पहिली चूक आहे. नाकाचा पडदा एका बाजूला वाकलेला असणे, नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढलेली असणे, अ‍ॅलर्जीने आतले अस्तर सुजलेले असणे, या गोष्टी अरुंद नाकपुडीच्या जोडीने असू शकतात, आणि फाटलेल्या ओठाच्या मुलांत पडदा वाकडा असणे तर फारच सामान्य आहे. त्यामुळे नुसती कड रुंद करून आल्यावर मूल पूर्वीसारखेच तोंडाने श्वास घेत राहिले, तर ती शस्त्रक्रिया फसली असे नसून निदान अपुरे होते असे म्हणावे लागते.

घरी करता येण्याजोगी एक साधी पाहणी आहे. स्टीलचा थंड चमचा मुलाच्या नाकाखाली आडवा धरावा, तोंड मिटून श्वास सोडायला सांगावे आणि दोन्ही बाजूंना धुक्याचे किती मोठे डाग पडतात ते पाहावे. ही पाहणी दिवसातून वेगवेगळ्या वेळी करावी, कारण निरोगी नाकातही काही तासांच्या अंतराने एक बाजू थोडी भरते आणि दुसरी मोकळी होते. एकदाच पाहून काढलेला निष्कर्ष म्हणूनच फसवा असतो.

डॉक्टरांकडे कान-नाक-घसा तज्ज्ञाने बारीक दुर्बिणीतून नाक मागपर्यंत पाहिलेले असावे. हाडाचा अडथळा वाटल्यास सीटी स्कॅन लागतो. केवळ त्वचेच्या वणासाठी तो सरसकट करून घेण्याची गरज नसते.

पडताळा: एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर वणाचा विचार करण्याआधी आत मणी, खडू, फोमचा तुकडा असे काही अडकले आहे का ते तपासून घ्यावे. घड्याळातली चपटी बॅटरी अडकल्याची शंका आली तर काही तासांचाही उशीर करू नये, कारण ती आतला पडदा जाळते आणि त्यातूनच पुढे नवा वण तयार होतो.

## टप्पा २: शस्त्रक्रिया केव्हा करायची

शस्त्रक्रियेची घाई कधी करावी आणि वाट कधी पाहावी, याचे उत्तर श्वासावर अवलंबून आहे. मूल झोपेत तोंड उघडे ठेवून घोरत असेल, जेवताना धाप लागून मध्येच थांबत असेल, तर वयाची वाट पाहण्यात अर्थ नाही. अशा वेळी पालकांनी एवढे मान्य करून पुढे जावे की वाढत्या नाकावर केलेली ही दुरुस्ती मोठेपणी पुन्हा एकदा करावी लागू शकते.

श्वास ठीक असून केवळ दोन्ही नाकपुड्या सारख्या दिसाव्यात एवढाच हेतू असेल, तर माझ्या मते चार-पाच वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. फाटलेल्या ओठाबरोबर हिरडीतही फट असेल, तर तिथे हाड भरण्याची शस्त्रक्रिया साधारण ८ ते ११ या वयात होते. नाकाचा पाया त्या हाडावर टेकलेला असल्यामुळे त्याआधी केलेली नाकपुडीची मापे नंतर बदलतात. नाकाच्या आकाराची अंतिम दुरुस्ती चेहऱ्याची वाढ थांबल्यावर, म्हणजे मुलींत साधारण १५ आणि मुलांत १७ वर्षांच्या सुमारास होते.

भाजलेल्या मुलात वण लाल, कडक आणि खाजरा असेपर्यंत थांबणे बरे, कारण तापलेल्या वणावर चाकू लावला की तो दुप्पट जोमाने आवळतो. मात्र थांबायचे आहे याचा अर्थ काहीच करायचे नाही असा होत नाही. आतली जखम भरत असतानाच स्टेंट सुरू केला, तर पुढची शस्त्रक्रिया कधी कधी टळतेही. भाजलेल्या मुलाला रुग्णालयातून घरी सोडताना हा प्रश्न पालकांनी स्वतःहून विचारायला हवा.

## टप्पा ३: आधीची तयारी

तयारीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू स्टेंट आहे, आणि तिचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. नाकपुडीत बसणारा पोकळ स्टेंट सिलिकॉनचा तयार मिळतो किंवा कृत्रिम दातांचे काम करणारे दंततज्ज्ञ नाकपुडीचे माप घेऊन तो अ‍ॅक्रिलिकचा बनवून देतात. अनेक ठिकाणी भुलीची नळी कापूनही काम भागवले जाते. पहिल्या काही दिवसांसाठी ते चालते, परंतु महिनोन्‌महिने वापरायला कडा गुळगुळीत असलेला स्टेंटच हवा. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात:

- कायमचा स्टेंट कोण देणार, कोणत्या दिवशी देणार आणि त्याच मापाचा दुसरा जोड मिळणार का.
- तो दिवस-रात्र किती महिने आणि केवळ रात्री किती महिने घालायचा.
- स्टेंट बाहेर पडला आणि परत जात नसेल, तर सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा.
- त्वचा किंवा कूर्चा (कानात-नाकात असते तसे मऊ, लवचीक हाड) कुठून घेणार आहेत. कान असेल तर कोणता.

पहिल्या प्रश्नाला ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळाले, तर तारीख पुढे ढकलायला सांगण्यात संकोच करू नये.

सर्दी-खोकल्याकडे दुर्लक्ष करून तारीख गाठण्याचा प्रयत्न करू नये. साध्या सर्दीनंतर भूलतज्ज्ञ सामान्यतः २ ते ४ आठवडे थांबतात, आणि छातीत कफ किंवा ताप असेल तर त्याहून अधिक. सर्दी लपवून मुलाला टेबलावर नेले तर भुलीत श्वासनळी आकसण्याचा धोका वाढतो. हलणारा दुधाचा दात, पूर्वी भुलीच्या वेळी झालेला त्रास, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार, चालू असलेली आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषधे, हे सारे भूलतज्ज्ञाला न विचारता सांगावे. नाकपुडीच्या कडेला फोड किंवा पिवळी खपली असेल तर ती आधी बरी करून घ्यावी.

खर्चाची सोय महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरण्याआधी विचारावे, कारण मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते. जन्मजात फाटलेल्या ओठाची मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही येतात. स्टेंटचा खर्च त्यात धरला आहे का, हा प्रश्न वेगळा विचारावा.

तयारीचा आणखी एक भाग मुलाचा आहे. स्टेंट आधी हातात देऊन, बाहुलीच्या किंवा आईच्या नाकाशी धरून दाखवला, तर शस्त्रक्रियेनंतरचा झगडा बराच कमी होतो. मूल तीन वर्षांहून लहान असेल, तर कोपर वाकू न देणाऱ्या हाताच्या पट्ट्या आणून ठेवाव्यात, म्हणजे झोपेत हात नाकाशी जाणार नाही.

## टप्पा ४: उपाशी ठेवण्याचे तास

बहुतेक रुग्णालयांत नियम असा असतो: घन अन्न आणि गाईचे, म्हशीचे किंवा डब्याचे दूध ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास आधी बंद, आणि साधे पाणी २ तास आधी बंद. आपल्या रुग्णालयाने वेगळे तास लिहून दिले असतील तर तेच पाळावेत.

येथे दोन उलट चुका होतात. पहिली म्हणजे ‘जरासा चहा’ किंवा बिस्कीट देणे. दुधाचा चहा हा दूधच समजला जातो आणि तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया पुढे जाते. दुसरी म्हणजे सुरक्षित राहावे म्हणून रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलाला पाण्याचा थेंबही न देणे. इतके कोरडे पडलेले मूल चिडते आणि सुई लावायला शीर सापडत नाही. यादीत आपला क्रमांक कितवा आहे ते सकाळी विचारून पाण्याची वेळ नक्की करून घ्यावी.

पडताळा: घरातली दुसरी मुले आणि आजी-आजोबा यांनाही हे तास सांगितले आहेत ना? प्रेमापोटी कोणी तरी हातावर ठेवलेला पेढा तारीख घालवतो.

## टप्पा ५: शस्त्रगृहात काय केले जाते

पालक येथे काही करत नाहीत, पण क्रम माहीत असला की नंतरची काळजी समजते. मुलाला पूर्ण भूल दिली जाते, श्वासाची नळी तोंडातून घातली जाते आणि रक्त घशात उतरू नये म्हणून घशात ओले पॅकिंग ठेवले जाते. मग वणाची गोल कड तोडली जाते. आतून किती त्वचा कमी पडते आहे, ते वण पूर्ण सुटल्यावरच खरे कळते. म्हणून आधी सांगितलेली पद्धत टेबलावर बदलली तर त्यात वावगे काही नसते.

वण पातळ पट्ट्यासारखा असेल तर इंग्रजी ‘झेड’च्या आकाराच्या छेदांनी त्वचेचे त्रिकोण अदलाबदल करून त्या वर्तुळाची ओढ मोडतात. शेजारी, म्हणजे ओठाच्या वर किंवा गालाच्या घडीत, ढिली त्वचा असेल तर तिचा पदर आत वळवतात. त्वचाच कमी असेल तर कानामागून ती घेऊन आत लावतात. आणि कडेचा आधारच गेला असेल, तर कानाचा त्वचेसह कूर्चेचा लहान तुकडा बसवतात. या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तो कडेकडून मिळवावा लागतो. त्यामुळे तो लहानच, साधारण एक ते दीड सेंटिमीटरच्या आत, ठेवतात. शेवटी पहिला स्टेंट टाके घालून पक्का केला जातो.

## टप्पा ६: पहिला आठवडा

डोके दोन उशांवर उंच ठेवून झोपवावे. बाळाला मात्र उशी न लावता डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणेच झोपवावे. पहिल्या दिवशी गुलाबी पाणी झिरपते, त्याने घाबरू नये. सुमारे दोन आठवडे नाक शिंकरू देऊ नये. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायला शिकवावे.

कानाचा तुकडा बसवला असेल, तर त्याचा रंग पाहून पालकांची झोप उडते. तो आधी पांढुरका, मग एक-दोन दिवसांत निळसर-जांभळा आणि आठवडाभरात हळूहळू गुलाबी होतो. निळा रंग हा या प्रवासातला अपेक्षित टप्पा आहे. त्यावर शेक, हळद, तूप काहीही लावू नये. तुकडा काळा, कोरडा पडला किंवा घाण वास येऊ लागला, तर फोटो पाठवून वाट पाहण्याऐवजी प्रत्यक्ष दाखवायला जावे. आणि कान विसरू नये: जिथून त्वचा घेतली ती जागा कोरडी ठेवावी आणि त्या कुशीवर झोपू देऊ नये.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. मात्रा सर्वसाधारणपणे दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, दिवसातून ४ वेळांहून अधिक नाही. चूक होते ती बाटलीत. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप १० मिलिलिटर लागते, २५० मिलिग्रॅमचे जवळपास ४.८ मिलिलिटर, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब केवळ २.४ मिलिलिटर. ‘एक झाकण’ हे माप म्हणून चालत नाही. लेबल वाचावे आणि सिरिंजने मोजावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

इशारा: ताजे लाल रक्त वाहू लागले तर मुलाला बसवून पुढे वाकवावे, खाली गॉज धरावा, नाकपुडी चिमटीत जोराने दाबू नये, आणि १० मिनिटांत थांबले नाही तर निघावे. मूल सारखे आवंढे गिळत असेल तर रक्त मागे घशात जात असण्याची शक्यता असते.

## टप्पा ७: स्टेंटचे महिने

टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी निघतात आणि कायमचा, काढता-घालता येणारा स्टेंट सुरू होतो. सामान्य वेळापत्रक पहिले ३ महिने दिवस-रात्र आणि पुढचे ३ महिने रात्री असे असते. वण फार ताठर असेल तर ते वर्षापर्यंतही लांबते. स्टेंट घालणे आणि काढणे तुम्ही स्वतः डॉक्टरांसमोर दोनदा करून दाखवल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये. परिचारिकेने करून दाखवले आणि आपण पाहिले, एवढ्याने हाताला सवय होत नाही.

रोजचा क्रम असा ठेवावा.

१. हात साबणाने धुऊन, धुतलेला दुसरा स्टेंट आधी शेजारी तयार ठेवावा. आधी काढून मग धुवायला नेले की वेळ जातो आणि मूल पळते.

२. नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब घालून दोन मिनिटे थांबावे, म्हणजे खपली मऊ होते.

३. स्टेंट सरळ खाली ओढून काढावा. अडकला तर आणखी थेंब घालावेत, हिसका देऊ नये.

४. दिसणारी मऊ खपली कापसाच्या ओल्या काडीने टिपून घ्यावी. चिकटलेली खपली उचकटू नये. तिच्याबरोबर नवी त्वचा निघते आणि तिथेच नवा वण धरतो.

५. दुसरा स्टेंट बाहेरून थोडे सांगितलेले मलम लावून, आधी वर आणि मग मागे अशा दिशेने, बसवावा. या साऱ्याला पाच मिनिटांहून अधिक लागू नयेत.

६. काढलेला स्टेंट साबण-पाण्याने आतून-बाहेरून धुवावा. अ‍ॅक्रिलिकचा असेल तर उकळत्या पाण्यात टाकू नये, त्याचा आकार बिघडतो.

हे दिवसातून दोन-तीन वेळा करावे लागते. थेंबांच्या बाटलीवर ‘सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के’ असे लिहिलेले असले पाहिजे. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले थेंब सर्दीत नाक उघडण्यासाठीचे असतात. दुकानात दोन्हींच्या बाटल्या सारख्या दिसतात, आणि ते महिनोन्‌महिने वापरले तर आतले अस्तर उलट सुजते. तेल किंवा तूप नाकात सोडू नये. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. मालिश करणारी बाई नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीत धरून ओढत असेल, तर या मुलापुरते तरी तिला स्पष्ट थांबवावे.

माप तपासण्याची खूण अशी: स्टेंट घातल्यावर कड क्षणभर पांढरी पडली आणि काही मिनिटांत गुलाबी झाली तर माप बरोबर आहे. ती पांढरीच राहिली, मूल दुखते म्हणून रडत राहिले किंवा कडेवर खोल वळ उठला, तर स्टेंट मोठा आहे आणि त्याच दाबाने त्वचा मरून अरुंदपणा पहिल्यापेक्षा वाढू शकतो. उलट, तो आपोआप गळून पडत असेल तर पुढचे माप लागले आहे. मोठा घातला की लवकर रुंद होईल, हा तर्क चुकीचा आहे. माप बदलायचे ते डॉक्टरांनी.

इशारा: लहान मुलाचा स्टेंट दोन्ही नाकपुड्यांना खालून जोडणाऱ्या पट्टीचा असावा किंवा त्याला बाहेर पसरट कडा असावी, म्हणजे तो आत ओढला जाणार नाही. तडा गेलेला स्टेंट एक रात्रही वापरू नये. स्टेंट सापडत नाही आणि मूल खोकते आहे किंवा त्याचा श्वास वाजतो आहे, असे झाल्यास थेट आपत्कालीन विभागात जावे.

इशारा: पडलेला स्टेंट परत जात नसेल तर जोर लावू नये आणि सोमवारची वाटही पाहू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत एका रात्रीतही नाकपुडी इतकी आवळते की तोच स्टेंट सकाळी बसत नाही. लहान मापाचा जुना स्टेंट असेल तर तो घालून त्याच दिवशी दाखवावे.

शाळेत वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवावे आणि दप्तरात डबीत दुसरा जोड द्यावा. मुले हसतील म्हणून दिवसा काढून ठेवण्याची सूट पहिल्या तीन महिन्यांत देऊ नये. त्वचेच्या रंगाचा किंवा पारदर्शक स्टेंट मागितला तर मिळतो, आणि मोठ्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा मापाइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण एरवी मोठ्या मुलाचा स्टेंट रुमालात गुंडाळलेलाच सापडतो.

## टप्पा ८: तपासण्या आणि स्टेंट थांबवणे

दर आठवड्याला एकाच जागी, त्याच उजेडात, मुलाने मान मागे टाकलेली असताना नाकाखालून फोटो काढावा आणि बाजूला छोटी पट्टी धरावी. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा फरक जाणवत नाही. आठ आठवड्यांचे फोटो ओळीने लावले की तो दिसतो. वण जाड, लाल आणि खाजरा होऊ लागला तर डॉक्टर त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ शकतात, आणि ते लवकर दिलेले बरे. पुन्हा आवळलेच, तर दुसरी शस्त्रक्रिया वण मऊ झाल्यावरच करावी. दोन महिन्यांत घाईने केलेली दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा वाईट आवळते. त्या बाजूचे नाक टोचायचे असेल, तर आधी सर्जनला विचारावे आणि वण स्थिर होईपर्यंत तो विषय काढूही नये.

स्टेंट एकदम बंद न करता आधी दिवसाचे तास कमी, मग केवळ रात्री, मग एक रात्र सोडून अशा क्रमाने कमी करावा. पूर्ण थांबवल्यावरही तो फेकू नये. पुढचे तीन-चार महिने आठवड्यातून एकदा तोच स्टेंट घालून पाहावा. सहज गेला तर काढून ठेवावा, आणि घालताना अडला तर त्या रात्रीपासून पुन्हा सुरू करून त्याच आठवड्यात सर्जनला दाखवावे.